काड्यांची वही

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमचं ऐकायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. सातवीत माझ्या विज्ञानाच्या वहीत तुम्हाला उसाच्या पेरावरचा, कोंब फुटतो तो डोळा चिकटवलेला सापडला होता. मुंग्या लागल्या होत्या, कबूल. तुम्ही वही दोन बोटांत धरून वर्गाला दाखवलीत, "ही वही हाय का उकिरडा?" पोरं हसली. मग अख्खी वही मला नव्यानं उतरून काढायला लावलीत, समास आखून, एकही खाडाखोड न करता. कुंडलच्या घरी चुलीपुढं बसून मी तीन दिवस लिहिते आहे आणि बोटं दुखताहेत, ते अजून आठवतं. पुढं मीच शिक्षिका झाले आणि कितीतरी वर्षं पोरांच्या वह्या तुमच्याच नजरेनं बघत राहिले, याचा मला राग येतो. तुमचाही येतो.

आता मी जतकडच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. आमच्या वहीत डावं पान मुलांचं. त्यावर ती कागदाच्या खिडक्या चिकटवतात. वर प्रश्न, खिडकी उघडली की आत स्वतःचं उत्तर. प्रशिक्षणात याला इंटरॅक्टिव्ह नोटबुक म्हणाले होते, पोरं खिडक्यांची वही म्हणतात. एरवी तोंड न उघडणारी पोरं आपली खिडकी दाखवायला भांडतात. यंदा एक मुलगी आईबापाबरोबर मेंढरांमागं गेली, वही घेऊन. परत आली तेव्हा वही फुगून मिटेना. तिनं डब्यात पाणी घेऊन उन्हात ठेवलं होतं. रोज त्यात काडी बुडवायची, जिथवर ओली होईल तिथं मोडायची आणि पानावर चिकटवायची. आठ काड्या, एकीपेक्षा एक आखूड. खिडकीच्या आत लिहिलेलं, "पट्टी न्हवती." बाष्पीभवन मी इतकी वर्षं शिकवते, पण असं कधी बघितलं नव्हतं.

काल तपासणी झाली. साहेबांनी ती वही दोन बोटांत धरली, अगदी तुमच्यासारखी. "मॅडम, ही नव्यानं लिहून घ्या. अशी वही वर दाखवता येत नाही."

मुलगी उठून उभी राहिली. "काड्या काढून टाकू व्हय, मॅडम? नुसतं आकडं लिवते."

"एकबी काडी काढायची न्हाई," मी म्हणाले. साहेबांना सांगितलं, हीच वही राहील, काय शेरा मारायचा तो माझ्या नावावर मारा. त्यांनी मारला. मारू देत. उद्याही मी डिंकाची बाटली घेऊनच वर्गात जाणार आहे.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता उरलेला नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट तुम्हाला कळायला नको आहे. त्या उतरून काढलेल्या वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं होतंत. ते पान माझ्या कपाटात अजून आहे. आईनं ती उसाच्या डोळ्याची जुनी वही चुलीत घातली, तेव्हा मी त्याच पानाकडे बघत बसले होते.