कुणालच्या शर्टांची गोधडी

बहीण कमलले जयभीम. मी पोराकडे राजस्थानात बरी आहो. तुहा फोन बंद, म्हणून लिहून राहिली.

काल कुणालनं तो कामाले जाते तो शिशाचा कारखाना दाखवला. दगडाची भुकटी भाजतात, मंग कोळशासंगं भट्टीत वितळवून शिसं काढतात. वरची मळी झाऱ्यानं काढतात, गुळासारखी. मी पाहतच राहिली. तेवढ्यात साहेब म्हणे, "मावशी, ही धूळ विष आहे. इथले कपडे घरी नेऊ देत नाही."

अन् हा गाढव कुणाल कामावरचे शर्ट घरी आणे, अन् त्याच शर्टांची गोधडी मी तुह्या नातवाले पाठवली!

ती झटकू नको, धुऊ नको. पिशवीत बांध. बाळाले नागपूरले नेऊन रक्त तपास. दूध पितो ना तो?

लेकराले घरच्या माणसाच्या जुन्या कपड्याची ऊब द्यावी, मायच सांगे. तेच केलं वं मी.

तुही मोठी बहीण,
पंचफुला