दाराजवळून वाजणारी तबकडी

बाबा, तुमची तबकडी झिजत चालली आहे आणि मला काहीही करता येत नाही. बातमी एवढीच. पण आम्हा शाळामास्तर लोकांना एका दमात बोलता येत नाही, असं तुम्हीच म्हणायचा, तेव्हा जरा ऐकून घ्या.

अकोल्याच्या या घरात दर रविवारी जेवणं आटोपली की आई ग्रामोफोनच्या पेटीजवळ पाट ओढून बसते. तिला आता फार कमी ऐकू येतं, म्हणून पेटीच्या लाकडावर तळहात ठेवते आणि म्हणते, "लाव तुया बाबाले." मी चावी भरतो, नवी सुई बसवतो आणि तुम्ही वाजू लागता. मुंबईच्या हॉटेलातल्या बँडबरोबर तुम्ही काढलेल्या तबकड्यांपैकी ही एकच उरली. बाकीच्या अमरावतीहून सामान हलवताना फुटल्या. हिच्यावर बँडमास्तरचं नाव सोनेरी अक्षरांत आहे, तुमचं कुठेच नाही. आणि सुई कितीही नवी असली तरी दर फेरीला तुम्हाला थोडं थोडं खरवडून नेते.

अमरावतीला लग्नाच्या बँडात होतात तेव्हा तुमच्याकडे फ्लूगलहॉर्न होता, ट्रम्पेटचा जाडा, मऊ गळ्याचा भाऊ. "माही सवत बरी," आई म्हणायची, "खायले तरी मागत नाही." मग एका कापूसवाल्या शेटच्या घरच्या लग्नात कोणा गोवेकर बँडमास्तरने तुम्हाला ऐकलं आणि तुम्ही मुंबईला गेलात. सुट्टीवर आलात ते ट्रम्पेट घेऊन. मला अजून ते स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही आईचा भाताचा पितळी गंज बाजाच्या तोंडावर धरून उघडझाप करताय, बाजा हट्टी पोरासारखा वाँव वाँव करतोय, आई विचारतेय, "मंग मी भात कायच्यात शिजवू?" आणि मी उंबऱ्यावर बसून शब्दरूपं घोकतोय. फुलवाल्याच्या, त्यात बाजेवाल्याच्या पोराला संस्कृत शिकवा म्हणून तुम्ही शास्त्रीबुवांच्या ओसरीवर किती चकरा मारल्या होत्या! तिथे एक मात्रा हुकली की सगळं पहिल्यापासून. म्हणून मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "काल वेगळं वाजवलंत, आज वेगळं. यातला खरा पाठ कोणता?"

"दोनीही खरे. याले जाझ म्हणतात."

"म्हणजे पाठांतर नाही."

"तू रोज एकच भाजी खातं का बे?" तुम्ही म्हणालात आणि गंज भातासाठी आईकडे परत दिलात.

ही तबकडी घेऊन आलात तो दिवसही आठवतो. शेजारच्या वकिलांकडे ग्रामोफोन होता, तिथे सगळी मंडळी जमली. तुम्ही वाजताय, पण लांबून, पलीकडच्या गल्लीत कोणी वाजवावं तसे. "मले दाराजोळ उभं केलं, भितीकडे तोंड करून," तुम्ही छाती काढून सांगितलंत. "जवळून वाजवलं तर आवाज भरायच्या मशीनची सुई उडे ना!" वकिलांनी पुन्हा लावली. तुम्ही कान देऊन ऐकलंत आणि तुमचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "पुन्हा तेच?" तुम्ही विचारलंत. तिसऱ्यांदा लावली तेव्हा तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसला होतात. मला तेव्हा हसू आलं होतं. जन्मात एकदाही पाठ जुळला नाही असा माणूस, आणि त्याचा एकच पाठ तबकडीच्या लाखेवर कायमचा बसला.

पुढे तुमचे समोरचे दात गेले. दातांचा आधार गेला की ओठ सूर धरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही परत फुलांच्या दुकानात बसलात. झेंडूचे हार ओवताना तुमचे ओठ आवळलेले असायचे. गिऱ्हाइकांना वाटे म्हातारा रागावलाय.

तुमच्या तुकड्याच्या शेवटी एक खालचा सूर आहे. तो तुम्ही अगदी हळू सोडता, मुंबईच्या त्या बाजावर अमरावतीचा फ्लूगलहॉर्न आठवल्यासारखा. आधीच लांबून आलेला, त्यात हळू. तो सुईच्या खरखरीत बुडू लागला तेव्हा मी एक शहाणपणा केला. बाजारातून दुसऱ्या एका ट्रम्पेटवाल्याची तबकडी आणली आणि मागच्या रविवारी तीच लावली. म्हटलं, बहिऱ्या माणसाला काय कळणार! आईने हात ठेवला आणि लगेच उचलला.

"हा कोन व्हय?"

"बाबाच की."

"तुये बाबा इतक्या जवळून कधी वाजवत व्हते? काढ त्याले."

मी सुईचं सांगितलं, झिजेचं सांगितलं, अगदी वर्गात समजावतो तसं. ती म्हणाली, "झिजू दे. आपून नाई झिजून राह्यलो का?" मी तुम्हाला लावलं. तो शेवटचा सूर आलाच नाही, नुसती वाळू. आईचा हात मात्र त्याची वाट पाहत तसाच पेटीवर राहिला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. आजच्या रविवारी ती जागा आली तेव्हा मी वाकलो, पेटीच्या कडेला ओठ लावले आणि लाकडातून तो सूर गुणगुणलो. नीट लागला नाही. आईने तबकडी पुन्हा लावायला सांगितली तेव्हा दुसऱ्यांदाही लागला नाही, आणि पहिल्यापेक्षा वेगळाच आला. आईने हात काढला नाही.