ती देईल तेवढाच दोर

पोर्ट नॉलथ
रविवार, १४ सप्टेंबर १९९७

प्रिय सॅनाताई,

तुझं पत्र आणि मनुकांचं पुडकं बुधवारी हाती आलं. ट्रकवाल्यानं ते उन्हात ठेवलं असावं, मनुकांचं एकच ढेकूळ झालं होतं. सुरीनं कापून खाल्ल्या. गोड आहेत. भावोजींची पाठ सुधारते आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे, हे मुद्दाम लिहिते आहे.

धुकं दोन दिवसांपासून हललेलं नाही. बोटी बांधून ठेवल्या आहेत आणि पुरुष धक्क्यावर बसून एकमेकांच्या बायकांबद्दल बोलतात. स्नूक मासा मात्र आला आहे. दोन चिरून, मीठ लावून वाळत टाकलेत, ट्रकनं पाठवते. तुमच्या अपिंगटनच्या उकाड्यात ते टिकतील, एवढं मीठ घातलं आहे.

तू लिहिलंस, 'तू त्याच बोटीवर असतेस. एक शब्द बोललीस तर लोरेन्झा ऐकेल. परत पाठव तिला. द्राक्षांच्या शेडमध्ये तिच्यासाठी जागा ठेवली आहे.' याचं उत्तर याच पत्रात देईन. आधी जरा इकडचं तिकडचं लिहू दे, म्हणजे उत्तर कुठून आलं ते तुला कळेल.

तुझी मुलगी कामाला कशी आहे हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मीही लिहिलं नाही. ती खाली तळाशी जाते, जाड नळीनं खडी शोषून वर पाठवते, आणि खावी, आमचा कप्तान, त्या खडीत हिरे शोधतो. मी तिचा दोर आणि हवेची पिवळी नळी सांभाळते. सुरुवातीला धक्क्यावर म्हणायचे, एक बाई बोटीवर असली तरी समुद्र रुसतो, खावीनं दोन घेतल्यात. आता त्यातलेच दोघं तिला विचारायला येतात की तळाच्या खाचा कुठे चांगल्या आहेत. ती सांगते, 'दादा, तुम्ही वर बसून समुद्राचा रुसवा काढा, खाचांचं मी बघते.'

बोटीवर हवा दाबणारं यंत्र असतं. हवा दाबली की ती तापते. त्या यंत्राचं डोकं इतकं गरम होतं की मी त्यावर कॉफीची किटली ठेवते. लोरेन्झा म्हणते, 'मावशी, माझ्या हवेची ऊब चोरून तू कॉफी पितेस आणि मला खाली गार हवा पाठवतेस.' खरंच आहे. बर्फासारख्या पाण्यातून नळी जाते, हवा वाटेतच गार होते आणि आक्रसते. यंत्राला त्यापायी आणखी थोडं राबावं लागतं.

हे सगळं तिनं मला शिकवलं. ती केपटाउनला शिकून आली तेव्हा मला वाटायचं, दोर धरायला काय शिकायचं. एकदा तिनं रबरी हातमोजा खाली नेला. तळाशी त्यात पाऊण मोजा हवा भरली, तोंड बांधलं आणि सोडून दिला. मी कठड्याला टेकून बघत होते. तो हात पाण्यातून वर येता येता फुगत गेला, एकेक बोट ताठ झालं, आणि पृष्ठभागावर आल्याबरोबर फट्कन फुटला. तिनं वर येऊन विचारलं, 'बघितलंस? वीस मीटरवर वरच्या तिप्पट दाब असतो. तिथली एक छातीभर हवा वर आली की तीन छात्यांएवढी होते. आणि शेवटच्या दहा मीटरांत सगळ्यात वेगानं वाढते. म्हणून कधीही मला घाईनं वर ओढायचं नाही. मी देईन तेवढाच दोर घ्यायचा.'

मी म्हटलं, 'आणि तुझी हवा बंद पडली तर?'

'तर मुळीच नाही.'

ताई, आता लिहिते. गुरुवारी तिची हवा बंद पडली.

यंत्राचा पट्टा तुटला. मोठ्या बोटींवर पाठीला हवेची जास्तीची बाटली देतात, आमच्यासारख्या लहान बोटींवर नाही. यंत्र दोनदा खोकलं आणि गप्प झालं. ती वीस मीटर खाली होती. यंत्राच्या टाकीत उरलेली हवा खालच्या दाबात किती, तर दोन-तीन घास. खावी ओरडला, 'ओढ, ड्रीका, ओढ तिला.' मी ओढला नाही. खावीनं माझ्या हातातून दोर घ्यायला झेप घेतली, तेव्हा मी त्याच्या छातीत कोपर मारलं. अजून काळंनिळं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला शर्ट वर करून दाखवतो, 'बघा, बायका बोटीवर घेतल्या की काय होतं.'

माझे हात ओढायला किती शिवशिवत होते ते सांगता येणार नाही. मी पाण्याकडे बघत होते. बुडबुडे येत होते. आधी बारीक, मग बशीएवढे, एकामागून एक, न थांबता. बुडबुडे आहेत म्हणजे ती हवा सोडते आहे. सोडते आहे म्हणजे ती शुद्धीवर आहे आणि शिकलेलं विसरलेली नाही. दोर सैल पडत होता, मी तेवढाच गोळा करत होते. बुडबुडे थांबले असते तर मी काय केलं असतं हे मला माहीत नाही, आणि तू विचारूही नकोस.

ती वर आली, मुखवटा काढला, कठड्याला धरलं. नाकातून थोडं रक्त होतं. पहिलं वाक्य खावीला, 'पट्टा तुझ्या लग्नातला होता का रे?' मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली, 'मावशी, अख्ख्या वाटेनं याला शिव्या देत आले. वाटलं होतं एका शिवीत श्वास संपेल. संपेचना. जेवढा सोडते तेवढा आतून भरतोय. शेवटी शिव्या संपल्या, मग नुसतंच आ करत आले.'

मी कठड्यावरून ओकले. तिनंच माझी पाठ चोळली.

स्प्रिंगबॉकच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. छाती स्वच्छ आहे. कानात थोडी सूज आहे, दोन दिवसांत उतरेल म्हणाले. त्यांनी तिला विचारलं, 'हवा सोडायची हे त्या वेळी सुचलं कसं?' ती म्हणाली, 'सुचलं नाही, माहीत होतं.'

ताई, मी त्यावर सारखी विचार करते आहे. छातीत शेवटचा एकच घास उरलेला असताना जगातलं कुठलंही जनावर तो घट्ट धरील. तिनं तो धरला नाही. तिला ठाऊक होतं की वर जाताना पाण्याचा दाब उतरत जाणार आणि हवा आपसूक वाढत जाणार. हवेला कुणाचं वय कळत नाही, कुणाची मुलगी आहे ते कळत नाही. दाबलं की आक्रसते, मोकळं केलं की पसरते, ऊब मिळाली की आणखी पसरते, आणि यात कधी कुणाची गय करत नाही. म्हणूनच हवेवर भरवसा ठेवता येतो. माणसांवर मी इतका ठेवलेला नाही.

हे वाचताना तुझ्या डोळ्यांसमोर बाबा असणार. माझ्याही होते.

शुक्रवारी दुपारी बाबांच्या बोटीवरचे आपोल्सकाका आले. गेली कित्येक वर्षं या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता, कारण तू इथं येत असशील असं त्यांना वाटायचं. टोपी हातात घेऊन लोरेन्झाच्या खाटेशी बसले. मी कॉफी ठेवली, ती त्यांनी घेतली नाही.

'दोर कुणी धरला होता?' त्यांनी विचारलं.

'मावशीनं.'

'तिनं ओढला?'

'नाही आजोबा. मी माझी आले. तिनं नुसता गोळा केला.'

काकांनी टोपी गुडघ्यावर ठेवून दोन्ही तळहात उघडे केले. मग म्हणाले, 'मी ओढला होता. तुझ्या आजोबाचा. माझ्याइतक्या जोरानं अख्ख्या बंदरात कुणी ओढला नसता. हातांची सालं निघाली.'

ताई, तू आयुष्यभर म्हणत आलीस की काकांनी दोर हळू ओढला, म्हणून बाबा बुडाले. बाबा बुडाले नव्हते. तूच सांगायचीस ना, की ते वर आले तेव्हा डोळे उघडे होते, ओठ घट्ट मिटलेले होते आणि तोंडातून पाण्याचा थेंब निघाला नाही? त्यांनी श्वास धरून ठेवला होता. तेव्हा शेवंड पकडणाऱ्यांना यंत्र दिलं, नळी दिली, आणि वर येताना हवा सोडा एवढं सांगायला कुणी थांबलं नाही. काकांनी आपल्या जिवाच्या आकांतानं त्यांना वर आणलं आणि तीच हवा छातीत फुटली.

मी काकांना विचारलं, 'तुम्हाला हे कधी कळलं?'

'पुढे बऱ्याच वर्षांनी. बाहेरगावचा एक पाणबुड्या गुत्त्यात सांगत होता, दुसऱ्याच कुणाबद्दल.'

'मग ताईला का नाही सांगितलं? ती तुम्हाला नाही नाही ते बोलली.'

'बोलू दे की. माझ्यावर रागावायला तिला काही त्रास नव्हता. ती धक्क्यावर उभी राहून ओरडत होती, काका ओढा, लवकर ओढा. पोर होती. हे ऐकून तिनं कुठं जायचं?'

हे लिहावं की नाही, या विचारात कालचा अख्खा दिवस घालवला. काकांनी लिहू नको म्हटलं. लोरेन्झा म्हणाली, 'आईला माझ्याबद्दल भीती वाटते ती कशाची, हे तिलाच माहीत नसेल तर तिनं काय करायचं? लिही.' म्हणून लिहिलं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच ओरडले असते. गुरुवारी खावी तेच ओरडत होता, आणि तो तुझ्या तेव्हाच्या तिप्पट वयाचा आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गुरुवारी परतताना माझ्या मनात तेच होतं, की हिला सोमवारच्या ट्रकमध्ये बसवायचं. शुक्रवारी तिला विचारलंही, 'घरी जायचं का?' ती म्हणाली, 'तू माझा दोर धरायचं थांबवणार असशील तर जाईन. दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही.' म्हणजे तू म्हणालीस ते खरं आहे. एक शब्द पुरेल, आणि तो माझ्याकडे आहे.

मी तो बोलणार नाही. तिला काही होणार नाही असं वचनही देणार नाही, समुद्राच्या वतीनं वचनं देण्याची माझी ऐपत नाही. पण आपल्या घरातलं कुणीतरी खालून एकटं, स्वतःच्या श्वासावर, जिवंत वर आलं आहे. ते तिला येतं. तिला द्राक्षांच्या शेडमध्ये बसवून मी काय वाचवणार?

खावीनं नवा पट्टा बसवला आहे, आणि शरमेनं तिच्यासाठी एक बाटलीही आणली आहे. कानाची सूज गेली आणि डॉक्टर हो म्हणाले की ती पाण्यात उतरेल. तू रागाव, पण माझ्यावर रागाव. काकांच्या वाटणीचा राग केव्हाच संपायला हवा होता. ते रोज सकाळी धक्क्यावर असतात.

तुला यायचं असेल तर ये. दोर तुझ्या हातात देणार नाही, ताई, पण माझ्या शेजारी उभी राहा आणि बुडबुडे बघ.

तुझ्या मुलीसाठी हात आवरून धरणारी,
तुझी धाकटी,
ड्रीका