घनाची वही

बोलोन्या, ३ मार्च १५४३

बाबांनी वही ऑर्तेन्झियोला दिली! बाबांची नजर गेल्यापासून, अकरा वर्षं, त्यांच्या शाळेतली समीकरणं मी वाचते, मी सोडवते. आणि घनाची गुप्त रीत मिळाली त्या शिष्याला! मला का नाही, विचारलं. ‘तू चूल बघ,’ म्हणाले. सूप मुद्दाम करपवलं. खा म्हणावं.

५ मार्च

तो वही टेबलावर उघडी टाकून जेवत होता. मी वाचली. रीत सुंदर आहे — रागातही कबूल करते. शोधायची संख्या म्हणजे ‘वस्तू’: तिचा घन आणि नऊ वस्तू मिळून सव्वीस, तर वस्तू केवढी? दोन. झटक्यात.

मग दुसरा प्रकार घेतला. घन एकटा एकीकडे. सात वस्तू आणि सहा दुसरीकडे. रीत कोसळली. शून्याहूनही लहान संख्येचं वर्गमूळ मागते! ते कुठून आणू? आणि उत्तर तर नुसतं चाचपूनही सापडतं — तीन. सत्तावीस म्हणजे एकवीस आणि सहा.

६ मार्च

ऑर्तेन्झियोला सांगितलं, प्रकार वेगळे आहेत, फेरारा शहरातल्या शाळेचा मास्तर अठरा तारखेच्या गणिताच्या जाहीर सामन्यात नेमका हाच घालेल. हसला. ‘कामिल्लाबाई, घन तो घन. जरा मीठ सरकवा.’

बाबांना सांगायला गेले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

१८ मार्च

हरलो. चर्च खचाखच भरलेलं. फेराराच्या मास्तराने तोच प्रकार घातला. ऑर्तेन्झियोने रीत लावली, अडला, खोडलं, पुन्हा लावली, पुन्हा अडला. लोक खिदळायला लागले. मी बायकांच्या रांगेत. ‘तीन’ हा शब्द तोंडात होता आणि मी तो गिळला. त्याची खोड मोडू दे, असं वाटलं. सगळ्यात जास्त चीड माझ्या त्या गप्प बसण्याचीच येते — शाळा तर आमचीच बुडाली.

१९ मार्च

सहा विद्यार्थ्यांनी शाळेतून नावं काढून घेतली. बाबांशी बोलले नाही.

२१ मार्च

आज बाबांनीच हाक मारली. म्हणाले, ‘त्या प्रकारापाशी मी वीस वर्षं अडलोय, पोरी. ऑर्तेन्झियोला ते कधी दिसलं नसतं. तुला पहिल्याच दिवशी दिसलं असतं. म्हणूनच वही त्याला दिली.’