रिकाम्या सुया

कात्रज, पुणे

ती. द्वारकाअक्कास दशरथचा सप्रेम जय भीम.

तुझा दमा कसा आहे? (बरा आहे असं खोटं लिहू नकोस, दाजींनी फोनवर सगळं सांगितलं आहे.) मी बरा आहे, म्हणजे मानेच्या खाली. मान मात्र तुझी भावजय हिरा गेली त्या आठवड्यापासून जी धरली आहे ती आज वर्ष झालं. शेक झाला, मलम झालं, पट्टा झाला. सोसायटीत लोक नमस्कार करीत, पट्ट्यामुळे मी मान हलवू शकत नसे, आणि निवृत्त झाल्यावर साहेबाला गर्व चढला अशी बातमी पसरली. शेवटी आमच्या चिरंजीवांनी, चेतनने, मोबाईलवरून माझ्यासाठी फिजिओथेरपीची वेळ घेतली. (त्याची स्वतःची वेळ त्या मोबाईलवरून मला अजून मिळालेली नाही.)

दवाखान्यात मी सोडून सगळे हिंजवडीचे आयटीवाले. तिशीतच माना गेलेले, आणि त्याच माना खाली घालून मोबाईलमध्ये बघत बसलेले. माझी पाळी आली. जोया नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट म्हणाली, “काका, आज सुया देऊ या. पालथे झोपा.” आता आपल्या पिढीला सुई म्हटलं की कुठे ते ठाऊक. मी मुकाट्याने पालथा झालो, पायजम्याची नाडी सोडली आणि डोळे गच्च मिटले. बराच वेळ काहीच होईना. मग ती फार अदबीने म्हणाली, “काका, दुखतेय ती मान ना? मग मानेवरच देते.” पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढली, पण तोंड लपवायची अशी वेळ कधी आली नव्हती. पालथा होतो म्हणून निभावलं.

बरं, त्या सुईत औषधच नाही! नुसती बारीक तार. आखडलेल्या स्नायूत खुपसली की स्नायू आतल्या आत उडतो आणि सैल पडतो म्हणे. मी म्हटलं, रिकामीच टोचायची तर आमच्या घरी दाभण आहे. “आणा, पण उकळून आणा,” म्हणाली. सहा सुया लावून दहा मिनिटं हलू नका असं बजावलं आणि शेजारी स्टुलावर बसली. जेवण कोण करतं, दुपारी काय करता, कॉम्प्युटरवर फार बसता का, एकेक विचारत राहिली. चेतनची कंपनीची बस आली का ते बघायला मी रोज संध्याकाळी तीन तास गॅलरीत मान वाकडी करून उभा असतो, हे परक्या मुलीला कसं सांगायचं? कॉम्प्युटर म्हणालो. तिने स्क्रीन उंच करायला सांगितली.

अक्का, घर फार गप्प झालं आहे. चेतन आणि सूनबाई सोनाली सकाळी सातला जातात. मुलं चांगली आहेत, पण दमून येतात. आल्यावर “बाबा, मान कशी आहे?” एवढं न चुकता विचारतात. मी “दुखतेय” म्हणतो, मग दोघं पाच मिनिटं टेकतात. आतापर्यंत आठ खेपा झाल्या, अजून पूर्ण उतार नाही.

तुझा धाकटा,
दशरथ

ता. क. : मान तिसऱ्या खेपेलाच बरी झाली. कोणाला बोलू नकोस.

ता. क. २ : काल जोयाने सुयांचं पाकीट फोडलंच नाही. मान चाचपली, “काका, ही केव्हाच बरी झालीय,” म्हणाली, आणि तरी दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिली. सोमवारपासून माझी वेळ दुसऱ्या कोणाला तरी दिली आहे. तू महिनाभर राहायला ये. चेतनला मात्र माझ्या मानेसाठी येतेस असंच सांग.