भट्टीवर चढलेली राजधानी

चि. लल्लाजी यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इथे सगळे ठीक. तुमचा खोकला गेला का? लखनौच्या त्या खोलीत तुळशीचा काढा कोण देणार म्हणा. अम्मांचे गुडघे दुखतात, आवाज मात्र उत्तम आहे.

पत्रास कारण तुमचे पोते. (आधी बसा, मग वाचा.) दिवाळीत अम्मांशी भांडून न जेवता निघालात, त्या गडबडीत शाळेच्या प्रदर्शनासाठी टेकाडांवरून वर्षानुवर्षे वेचलेली जुनी खापरे कारखान्याच्या ओसरीवरच राहिली. आता भाजलेल्या मातीचे अत्तर काढणाऱ्या कनौजच्या घरात ओसरीवर खापरांचे पोते ठेवणे म्हणजे हलवायाच्या दारात साखर ठेवून, 'ही फक्त बघायची' म्हणण्यासारखे. भट्टी सांभाळणाऱ्या शकूरचाचांनी विचारले, "अम्मा, हेही देगेत घालू?" अम्मा म्हणाल्या, "घाल की. माती ती माती." तांब्याच्या त्या मोठ्या देगेचे तोंड लिंपले, खाली गोवऱ्या पेटल्या, आणि मी माहेराहून परतले तेव्हा हर्षवर्धनाची राजधानी चहाच्या फुटक्या कुल्हडांबरोबर रटरटत होती.

मी ओरडले. अम्मा म्हणाल्या, "ओरडतेस काय? त्या ठिकऱ्यांपायी पोरगा घरचा धंदा सोडून मास्तर झाला. निदान त्यांनी तरी धंद्याला हातभार लावू दे!" यावर तुमचे भाऊ हसले आणि त्या रात्री उपाशी झोपले, कारण स्वयंपाक मी करते.

घाबरू नका, खापरे विरघळलेली नाहीत. उलट इतक्या शतकांत पहिल्यांदाच धुऊन निघाली. पण कुल्हडांत मिसळली आहेत. काळी चकचकीत मी बाजूला काढली. लाल सगळी मला सारखीच दिसतात. राजाचे कुठले आणि नाक्यावरच्या चहावाल्याचे कुठले, ते तुम्हीच येऊन सांगा. प्रदर्शन होळीनंतर आहे, वेळ आहे.

तुमची,
वहिनी

ता. क. अत्तर फार सुरेख उतरले. व्यापारी कुपी मागत होता. अम्मांनी दिली नाही. "माझ्या पोराचा माल आहे, तो आला की ठरवेल," म्हणाल्या.

आणखी एक. हल्ली दुपारी अम्मा त्या ढिगापाशी बसतात. एखाद्यावर रेघ दिसली की पदराने पुसून विचारतात, "सूनबाई, हे राजाचं का गं?" त्यातले एक त्यांनी देवघरात ठेवले आहे, रोज कुंकू-अक्षता वाहतात. ते कुल्हडाचे बूड आहे, एवढे मलाही कळते. तुम्ही या, हवे तेवढे रागवा, पण तेवढे एक राजाचेच म्हणा.