डावं मडगार्ड

९ एप्रिल २०११

ठरलं! मागची चाकं रुंद करायचीच.

गेल्या सप्टेंबरात शर्यतीच्या पट्टीवर हिरवा दिवा लागला, मी पाय दाबला आणि माझ्या शेव्हेल गाडीचा मागचा भाग सरळ भिंतीकडे सरकला. हातभर अंतर राहिलं. एवढं दांडगं इंजिन आणि खाली सत्तर सालची ती अरुंद चाकं — जमीन धरणार कशी?

बाबांना सांगितलं. "कारखान्यातून आली तशीच राहील." चाळीस वर्षं हेच ऐकतेय. गाडी आता माझी आहे, तरी!

१० एप्रिल

बाबा गाडीकडे फिरकतही नाहीत. बरंच झालं, काम होईल.

१६ एप्रिल

मापं घेतली. लुपे आली होती. शाळेपासूनची मैत्रीण, आमच्या फ्लिंट शहरात तिच्याइतकं सुबक वेल्डिंग कुणी करत नाही. चाकं उतरवून जागा मोजली. उजवीकडे साडेनऊ इंच रुंद रिम आरामात बसेल. डावीकडे बोटभर जागा कमी! मी दोनदा मोजलं, लुपेनं तिसऱ्यांदा.

"गाडी तुझ्यासारखीच तिरकी आहे गं, मर्ना."

२३ एप्रिल

मडगार्डची आतली कड वर मुडपायची होती, नाहीतर टायर कापला जाणार. टायर आणि पत्र्याच्या मध्ये बेसबॉलची बॅट घातली, लुपेनं गाडी हळूहळू ढकलली. बॅट फिरते, कड दबते. उजवी बाजू मुकाट्यानं दबली. डावीकडे — कर्रर्! रंगाचा पोपडा उडाला. खाली खड्डे बुजवायची पुट्टी. अंगठ्याएवढा थर!

लुपेनं टॉर्च मारून आत पाहिलं. "हा जोड कारखान्याचा नाही. घरी केलाय कुणीतरी. गाडी चांगलीच ठोकली होती."

मागे वळले तर बाबा दारात. "त्या बाजूला हात लावू नकोस."

"कुणी ठोकली, बाबा?"

आत निघून गेले.

म्हणजे 'कारखान्यातून आली तशी' हे सगळं खोटं! स्वतः ठोकली, स्वतः लपवली, आणि मला उपदेश!

२४ एप्रिल

जेवताना पुन्हा विचारलं. "मीटलोफ गार होतोय," म्हणाले.

७ मे

पुट्टी तासली. जुना जोड कापून काढला. बाबांनी बजावलं होतं. पण थांबले नाही. लुपेनं नवा पत्रा जोडला. आता दोन्हीकडे सारखी जागा. बोटं सोलली आहेत, पेन धरवत नाही.

१९ मे

नवी चाकं बसली! मागून काय दिसते गाडी — पाय रोवून उभ्या बैलासारखी.

वजन टाकून तपासायचं म्हणून लुपे आणि तिचा नवरा चुई डिकीत बसले. खड्डे शोधावे लागले नाहीत, आमच्या रस्त्यांवर ते आहेतच. "हळू! दुपारी खाल्लेले तमाले वर येतायत!" चुई आतून बोंबलत होता. डाव्या वळणावर एकदाच घासलं. कड आणखी थोडी दाबली. पुन्हा फेरी. काही नाही. एक आवाज नाही!

बाबा खिडकीत होते. मी हात केला. त्यांनी केला नाही.

२८ मे

सरळ गेली! भिंतीकडे ढुंकूनही न बघता सरळ!

परत आले तर कठड्याशी बाबा. पट्टीवर मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. चेहरा पांढराफटक. "गाडी ठोकली त्या दिवशी मी नव्हतो चालवत," म्हणाले. "लोइस होती."

माझी आई! जिला मी कधी स्टिअरिंगला हात लावताना पाहिलं नाही.

"इथंच. सलग सहा शर्यती जिंकल्या होत्या तिनं. सातवीला मागची चाकं घसरली आणि गाडी भिंतीवर आदळली. साधं खरचटलंही नाही तिला. पण तू पाळण्यात होतीस... पुन्हा बसायचं नाही, म्हणालो मी."

"मग? आई काय म्हणाली?"

"किल्ली माझ्या हातात दिली. पुढं तीस वर्षं, जाईपर्यंत, त्यावर एक शब्द बोलली नाही."